स्कॉटिश संसद, एडिनबरो: इमारत बघाच, पण कचेरीही बघा

एडिनबरोला येणारी आपली माणसं किल्ला बघतात, रॉयल माइलवरून खाली उतरतात, हॉलीरूड राजवाड्यासमोर संसदेच्या इमारतीचा बाहेरून फोटो काढतात आणि परत फिरतात. आत जायला पैसे पडत नाहीत, सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीचा पासही फुकट मिळतो आणि त्यासाठी कुणा आमदाराची चिठ्ठी लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मी महाराष्ट्र विधानमंडळात मराठी प्रतिवेदक होते. सभागृहात बोललेलं लघुलिपीत उतरवायचं आणि त्याचं कार्यवृत्त तयार करायचं, यात नोकरी गेली. निवृत्तीनंतर लेकीकडे राहायला आले आणि या गॅलरीत जाऊन बसायची सवयच लागली. त्यामुळे या परीक्षणात स्थापत्यावर थोडंच आहे. एक नवं विधिमंडळ कोऱ्या कागदावरून उभं करताना त्याचं कार्यालय कसं बसवलं, यावर जास्त आहे. माझ्या मते या संसदेचं खरं कर्तृत्व तिथंच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. 11 सप्टेंबर 1997 च्या सार्वमतात मतदान केलेल्यांपैकी 74.3 टक्के लोकांनी स्कॉटलंडसाठी वेगळ्या संसदेच्या बाजूने कौल दिला. ती स्थापन करणारा 1998 चा कायदा झाला, 6 मे 1999 ला 129 सदस्य निवडून आले आणि 12 मे रोजी पहिली बैठक भरली. हंगामी अध्यक्ष होत्या वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्या विनी युइंग. 25 मार्च 1707 रोजी तहकूब झालेली स्कॉटलंडची संसद पुन्हा भरत आहे, असं त्यांनी जाहीर केलं. हे वाक्य इथे सगळ्यांना पाठ आहे. माझं लक्ष मात्र दुसरीकडे जातं. सार्वमतापासून पहिल्या बैठकीपर्यंत जेमतेम वीस महिने! तेवढ्यात माणसं भरायची, नियम लिहायचे, समित्यांच्या खोल्या शोधायच्या, सदस्यांच्या पगार-भत्त्यांची व्यवस्था लावायची, मतदानाची यंत्रं बसवायची. आणि स्वतःची इमारत नाही.

पहिली पाच वर्षं सभागृह भरलं ते चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेच्या हॉलमध्ये, एडिनबरोतल्याच माउंड नावाच्या टेकाडावर. आपल्या गोव्याचंही असंच होतं. 9 जानेवारी 1964 ला तिथली पहिली विधानसभा भरली ती पणजीच्या जुन्या आदिलशाही राजवाड्यात, आणि पर्वरीच्या संकुलात जायला 2000 साल उजाडलं. पण गोव्याला निदान तो वाडा रोजचा हक्काचा होता. इथे चर्चला दर मे महिन्यात स्वतःच्या महासभेसाठी हॉल लागायचा. म्हणून 2000 साली सभागृह ग्लासगोला हलवलं आणि 2002 साली ॲबरडीनला, विद्यापीठात.

नागपूर अधिवेशनाला गेलेल्या माणसाला या एका वाक्यामागचा पसारा लगेच कळेल. सभागृह हलवायचं म्हणजे खुर्च्या हलवून भागत नाही. प्रश्न शाखेच्या फायली, विधेयकांच्या प्रती, जुने निर्णय शोधायला लागणारे खंड, ध्वनियंत्रणा, प्रतिवेदकांची बसायची जागा, शिपायांची निवासाची सोय, सगळं बरोबर न्यावं लागतं. पेट्यांवर शाखेचं नाव घालायला कुणी विसरलं की पहिल्या दिवशी सकाळी नऊला त्याच पेटीची शोधाशोध सुरू होते. आमच्याकडे हे अनेक वर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेलं असतं. स्कॉटलंडच्या सचिवालयाने ते जन्माच्या दुसऱ्याच वर्षी केलं आणि कामकाजात खंड पडू दिला नाही. टूरवर गाइड हे दोन वाक्यांत सांगून पुढे जातात. मला तिथे थांबून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

रचना समजायला सोपी आहे. अध्यक्ष (पहिले डेव्हिड स्टील) आणि काही निवडलेले सदस्य मिळून एक संस्था असते. कर्मचारी, पैसा, जागा, सुरक्षा हे सगळं तिच्या ताब्यात, सरकारच्या नाही. आपल्याकडे घटनेच्या अनुच्छेद 187 ने विधानमंडळाला स्वतंत्र सचिवालय दिलं, त्याच जातीचा हा विचार. रोजचा गाडा हाकणारा अधिकारी एकाच वेळी सभागृहाचा सचिव आणि मुख्य कार्यकारी असतो. पहिले पॉल ग्राइस या पदावर 1999 पासून सुमारे वीस वर्षं राहिले. नव्या संस्थेला एवढं मोठं सातत्य मिळणं हे भाग्यच. कामकाज ठरवायला सर्व मोठ्या पक्षांचे प्रतिनिधी दर आठवड्याला अध्यक्षांबरोबर बसतात, आपली कामकाज सल्लागार समिती बसते तसेच.

वेळांबद्दल मात्र मनापासून लिहिते. इथे मतदान सहसा चर्चेच्या मध्येच कधीतरी होत नाही. दिवसभराची बहुतेक मतं एकत्र, संध्याकाळी पाचच्या सुमारास घेतात. सुट्ट्या शाळांच्या सुट्ट्यांशी जुळवलेल्या आहेत. लहान मुलं असलेल्या बाईला सदस्य होता यावं आणि तिथे नोकरीही करता यावी, हा विचार पहिल्या दिवसापासून नियमांतच घातला. मुलीच्या परीक्षेच्या काळात रात्रीची बैठक ज्या बाईने केली आहे, तिला याचं मोल सांगावं लागणार नाही. याची दुसरी बाजूही आहे. वेळ बांधलेला असल्यामुळे बऱ्याच चर्चांत सदस्याला चार ते सहा मिनिटं मिळतात आणि मुद्दा रंगात आला की अध्यक्ष थांबवतात. गॅलरीत बसून एखादं मुरलेलं, तपशिलात शिरणारं भाषण ऐकायची हौस असेल तर ती इथे फारशी भागत नाही. ती भूक समित्यांमध्ये भागते.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय, कार्यवृत्त. सभागृहाच्या मध्यावर प्रतिवेदकांची जागा आहे आणि ते आळीपाळीने येऊन बसतात. ध्वनिमुद्रण असताना प्रतिवेदक लागतो कशाला, हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला. उत्तर इथल्या गॅलरीतून डोळ्यांनी दिसतं. माइक फक्त बोलणाऱ्याचा चालू असतो. मागच्या बाकावरून कुणीतरी एक शब्द टाकतो, बोलणारा त्यालाच उत्तर देतो, आणि तो शब्द कुणाचा होता हे टिपलं नाही तर पुढचं उत्तर वाचणाऱ्याला अर्थहीन वाटतं. खाली प्रतिवेदकाच्या जागेवर बसलेली एक मुलगी मान वर करून नेमकं तेच बघत होती, कोण उठलं, कोण मध्ये बोललं. तिची मान ज्या क्षणी वळली त्याच क्षणी माझीही वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर मी तेच कार्यवृत्त संकेतस्थळावर वाचलं. अडखळणं आणि तीच ती वाक्यं काढलेली, उघड चुकलेला शब्द नीट केलेला, पण वक्त्याचा अर्थ आणि त्याची बोलण्याची ढब तशीच. हशा, टाळ्या, व्यत्यय कंसात. सदस्य गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत बोलला तर आधी गेलिक मजकूर छापतात आणि खाली इंग्रजी भाषांतर. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांचे प्रतिवेदक एकाच सभागृहात जिथे काम करतात, तिथून आलेल्या माणसाला हे बघून बरं वाटतं. एखाद्या मंत्र्याने दिलेली माहिती चुकीची निघाली तरी मूळ वाक्य बदलत नाहीत, दुरुस्ती वेगळी नोंदवून जोडतात. हे फार महत्त्वाचं आहे. कार्यवृत्तातलं वाक्य मागाहून बदलता येतं असं एकदा ठरलं की त्या खंडाला किंमत राहत नाही. या सेवेला मी पाचपैकी पाच देते.

विनंती अर्जांची व्यवस्थाही तेवढीच पक्की आहे. संसद सुरू झाली तेव्हापासून अर्जांसाठी स्वतंत्र समिती आहे आणि 2000 सालापासून अर्ज इंटरनेटवरून करता येतो. तेव्हा जगात फार थोड्या विधिमंडळांत ही सोय होती. लाखभर सह्या लागत नाहीत, एक सही पुरते. अट एवढीच की विषय या संसदेच्या अखत्यारीतला हवा. संरक्षण, परराष्ट्र धोरण, व्हिसा यांबद्दल इथे अर्ज करून उपयोग नाही, ते लंडनकडे. आरोग्य, शिक्षण, न्यायव्यवस्था इथलं.

हे नुसतं कागदावर नाही, याचा एक दाखला देते. स्त्रियांच्या शस्त्रक्रियेत शरीरात बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम जाळीमुळे अपंगत्व आलेल्या बायकांनी 2014 साली अर्ज दिला, क्रमांक 1517. त्या समितीसमोर आल्या, काही जणी चाकाच्या खुर्चीत, आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्याच महिन्यात आरोग्यमंत्र्यांनी रुग्णालयांना ती शस्त्रक्रिया थांबवायला सांगितली. अर्ज समितीपुढे कैक वर्षं राहिला आणि 2022 साली जाळी काढून घेण्याचा खर्च परत देण्याचा कायदा झाला. आठ वर्षं ही फार मोठी मुदत आहे, आणि दुखणं अंगावर काढणाऱ्या बाईला ती किती वाटली असेल याची कल्पना करवत नाही. पण अर्ज दप्तरी दाखल होऊन विसरला गेला नाही. सचिवालय त्याच्या मागे राहिलं, प्रत्येक टप्प्याची नोंद आजही कुणालाही वाचता येते.

सदस्यांच्या भत्त्यांचा तपशीलही या संसदेने लोकांसमोर खुला केला, तो वेस्टमिन्स्टरचं, म्हणजे लंडनच्या ब्रिटिश संसदेचं, 2009 चं भत्ता-प्रकरण फुटायच्या काही वर्षं आधी.

इमारतीबद्दल लिहायलाच हवं, कारण या कार्यालयाची सर्वांत दुखरी नस तीच आहे. सुरुवातीला आकडे सांगितले जात होते 1 ते 4 कोटी पौंडांचे. शेवटचा हिशेब 41 कोटी 40 लाख पौंडांवर गेला. वास्तुविशारद एन्रिक मिरालेस 2000 साली वारले, पहिले प्रथममंत्री (स्कॉटलंडच्या सरकारचे प्रमुख) डोनाल्ड ड्युअर त्याच वर्षी वारले, आणि इमारत 2004 साली उघडली. चौकशी झाली. लॉर्ड फ्रेझर यांच्या अहवालाने मूळ दोष बांधकामाच्या कंत्राट-पद्धतीत दाखवला. ती पद्धत ठरली तेव्हा संसद अस्तित्वातही नव्हती. 1 जून 1999 ला सुरू असलेलं काम तिच्याकडे सोपवलं गेलं. जेमतेम महिन्याभराच्या विधिमंडळाच्या गळ्यात एवढं बांधकाम घालणं हा माझ्या मते अन्याय होता. कायदे करायला निवडून आलेल्या चार-पाच सदस्यांनी काँक्रीटच्या बिलांवर सह्या करत बसायचं? 2006 साली तर सभागृहाच्या छताची एक तुळई सुटली आणि बैठका पुन्हा बाहेर न्याव्या लागल्या. तोवर हलवाहलवीचा सराव झालेला होताच.

तरीही आत शिरल्यावर सभागृह सुंदर आहे, हे मान्य करायलाच हवं. ओक लाकडाच्या तुळया, मध्ये एकही खांब नाही, अर्धवर्तुळात बाकं. समोर राजदंड, चांदीचा, त्यात स्कॉटलंडच्याच नद्यांच्या वाळूतून वेचलेलं सोनं. त्यावर चार शब्द कोरले आहेत: शहाणपण, न्याय, करुणा, सचोटी. राजदंड जवळून बघायचा असेल तर टूर घ्या. टूरही फुकट आहे, पण आधी नोंदवावी लागते.

जाणाऱ्यांसाठी: सभागृह मंगळवार ते गुरुवार भरतं. गुरुवारी दुपारी बाराला प्रथममंत्र्यांचे प्रश्न असतात, त्यांचे पास लवकर संपतात, म्हणून आधीच मागून ठेवा. विमानतळासारखी तपासणी होते, मोठी बॅग नेऊ नका. लहान मूल बरोबर असेल तर अभ्यागतांसाठी पाळणाघराची सोय आहे का, याची चौकशी आधी करा. जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते, तेव्हा इमारत दिसेल, कामकाज दिसणार नाही. आणि एकच सकाळ हाताशी असेल तर सभागृह सोडा, समितीच्या खोलीत जा. संकेतस्थळावर आदल्या दिवशी कार्यक्रम बघून ठेवा, विनंती अर्ज समितीची बैठक असेल तर तीच निवडा आणि बैठकीचे कागद वाचूनच आत बसा. ते सगळे कागद तिथे जाहीर असतात.