लग्नाचा अंबाडा घरीच घातला: वैशाखापासून गौरींपर्यंतचा वापरानंतरचा अनुभव

वैशाखात माझं लग्न झालं आणि मुहूर्ताचा अंबाडा मी घरीच, स्वतःच्या हातानं घातला. दिवाळीनंतर तुळशीबागेतून थोडं थोडं सामान जमवत गेले: बॉबी पिना, आकडे, मधल्या आकाराचा डोनट (अंबाड्यात भरायची गोल कडी), अंबाड्याची जाळी, लहान गंगावन, बारीक टोकाचा कंगवा, स्प्रे आणि एक क्रिंपर, म्हणजे केसांना गरम करून बारीक घड्या पाडायचं यंत्र. क्रिंपर सोडला तर सगळं मिळून लग्नाच्या एका साध्या मेकअपपेक्षा खूप कमी पैशांत झालं. लग्न आटोपल्यावरही हे सामान पडून राहिलं नाही. मावसबहिणीचं डोहाळजेवण, श्रावणातली मंगळागौर, मग गौरी, सगळीकडे तेच वापरलं. कुठली वस्तू टिकते आणि कुठली दोनचार वापरांत दगा देते, ते आता नीट सांगता येईल.

माझे केस कमरेच्या थोडे वर, सरळ आणि बारीक पोताचे आहेत, म्हणजे पिना सहज निसटतात असे. तुमचे दाट किंवा कुरळे असतील तर खालचं क्रिंपरबद्दलचं सोडून दिलंत तरी चालेल.

अंबाडा चांगला की वाईट हे ठरवायला माझी कसोटी एकच: वाकून नमस्कार केल्यावर तो जागेवर राहतो का. व्हिडिओंमध्ये मुलगी स्टुलावर सरळ बसलेली असते, केस झाले की एकदा वळून दाखवते, संपलं. आपल्याकडे नवरीला गौरीहरापुढे खाली मान घालून बसायचं असतं, मुंडावळ्या बांधून घ्यायच्या असतात, डोक्यावर अक्षता पडतात, हार घालताना मान पुढे जाते, लाजाहोमाला वाकावं लागतं आणि त्यानंतर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडणं सुरू होतं. मांडवातल्या प्रत्येक काकूला, आत्याला, मामाला नमस्कार. म्हणून सराव करताना अंबाडा झाला की मी आरशात बघण्याआधी घरातल्या सगळ्यांना आणि देवाला वाकून नमस्कार करून यायचे. जी पिन सैल व्हायची ती तिथेच कळायची.

आता सगळ्यात अडचणीचा भाग. केस आदल्या दिवशी धुवावेत, ताज्या धुतलेल्या केसांत पकड राहत नाही, असं सगळीकडे सांगतात आणि ते खरंही आहे. पण लग्नाच्या सकाळी हळद असेल तर काय करायचं? हळद-तेल डोक्याला लागतंच आणि न्हाऊनच पुढचं सगळं करायचं असतं. मी आईला आणि वहिनीला आधीच सांगून ठेवलं होतं की डोक्याला तेल बोटभरच लावा. तसं ते लावलंही. न्हाताना शाम्पू फक्त टाळूला लावला, कंडिशनर अजिबात नाही. मग केस पूर्ण, अगदी मुळापर्यंत कोरडे केले आणि लगेच क्रिंपर फिरवला. पार्लरवालीला बोलावलं असतं तरी ही अडचण तशीच राहिली असती, त्यामुळे घरी करा किंवा बाहेर, हळदीची वेळ आणि केस वाळायची वेळ यांचा हिशेब आधी करा. ओलसर केसांवर क्रिंपर लावू नका, केस जळतात.

क्रिंपर ही या सामानातली सगळ्यात उपयोगी वस्तू ठरली. वरचा थर बाजूला घेऊन फक्त आतल्या केसांच्या मुळाशी तो दाबायचा, बाहेरून काही दिसत नाही. बारीक नागमोडी घड्या पडतात, केस एकमेकांत अडकतात, फुगा येतो आणि पिना रुततात. उलट्या कंगव्यानं फुगवण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण रात्री सोडवताना गुंता होत नाही. केस तापले की त्यांच्या आतले हायड्रोजन बंध सुटतात आणि गार होताना नव्या आकारात जुळतात. म्हणून क्रिंप केल्याबरोबर कंगवा घालायचा नाही, केस गार होऊ द्यायचे. हवेतला ओलावा लागला की हेच बंध परत सुटतात. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माझ्या कानाजवळच्या कुरळ्या बटा दुपारभर टिकल्या. मंगळागौर मात्र सासरी रत्नागिरीला होती, तिथे श्रावणातल्या हवेत त्याच बटा तासाभरात सरळ झाल्या. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कार्य असेल तर सुट्या बटांच्या भानगडीत पडू नका. आतल्या क्रिंप केलेल्या मुळांना तिथेही काही झालं नाही, कारण ती अंबाड्याखाली दाबलेली होती.

पिनांबद्दल सविस्तर लिहिते, कारण अंबाडा पडतो तो बहुतेक पिनांमुळेच. बॉबी पिनेची नागमोडी बाजू टाळूकडे आली पाहिजे. कित्येक जणी ती बाहेर ठेवतात, मग पिन सरकते. दोन पिना एकमेकींना फुलीसारख्या छेदून लावल्या की एकट्या पिनेपेक्षा फार घट्ट बसतात. चकचकीत पिनांपेक्षा मॅट रंगाच्या घ्या. लावण्याआधी पिनांवर स्प्रेचा हलका फवारा मारून वाळू दिल्या तर आणखी चांगलं. आकडे वेगळ्या कामाचे: बॉबी पिनेनं केस चपटे दाबून धरायचे, आकड्यानं अंबाड्याची कड डोक्याशी बांधायची. आकड्याची टोकं आधी अंबाड्याच्या कडेच्या केसांत बाहेरच्या दिशेनं घाला, चार केस पकडले की आकडा उलटा फिरवा आणि टाळूलगतचे केस घेत अंबाड्याच्या मध्याकडे सारा. बरोबर बसला तर थोडा ताण जाणवतो आणि मान हलवली तरी तो हलत नाही. नुसता सरळ खुपसलेला आकडा तिसऱ्या नमस्काराला बाहेर येतो.

स्वस्तातल्या आकड्यांच्या टोकांवरचं काळं आवरण काही वापरांतच निघालं आणि खालची धातूची टोकं टाळूला टोचायला लागली. ते मी टाकून दिले. थोडे महाग, जाड तारेचे आणि बारीक नागमोडी वळणाचे घेतले, ते अजून जसेच्या तसे आहेत.

पाया कसा बांधायचा हे मला आजीनं शिकवलं. माझी पोनीटेल आणि तिच्याभोवती पिनांची गर्दी बघून ती म्हणाली, "अगं, केसांना केसच धरतात. पिना नुसत्या साक्षीला असतात." तिनं डोक्याच्या मागच्या मधल्या भागातले थोडे केस वेगळे घेऊन लहान घट्ट पेड घातला, त्याची चपटी गुंडाळी केली आणि दोन पिनांनी टाळूशी बसवली. वरचा सगळा अंबाडा या गुंडाळीला टाचायचा. निसटत्या केसांना याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. रबर घट्ट आवळण्याची गरजही त्यामुळे संपली, आणि दुपारनंतर जे डोकं दुखतं ते दुखलं नाही.

डोनटचं माझं मत संमिश्र आहे. गोल, भरीव आकार झटकन येतो यात शंका नाही, पण मोठा डोनट बारीक केसांनी पूर्ण झाकला जात नाही आणि त्यावर गजरा आला की अंबाडा डोक्यापेक्षा मोठा दिसतो. मधला आकार पुरे. शिवाय पिना खुपसून खुपसून त्याची नायलॉनची जाळी फाटते आणि तिचे धागे केसांत अडकतात. माझा गौरींपर्यंत निकामी झाला. लहान गंगावनाची गुंडाळी करून आत भरली तर डोक्यावर हलकी वाटते, पिना तिच्यात नीट रुततात आणि धुऊन ठेवली की परत नवी. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी डोनट घेणारच नाही.

अंबाड्याची उंची मुंडावळ्यांवरून ठरवा, हे मला फार मोलाचं वाटतं. मुंडावळ्यांचा दोरा कपाळावरून कानांवरून मागे जातो. अंबाडा मानेवर खाली असेल तर दोऱ्याची गाठ अंबाड्याच्या वर येते आणि हळूहळू घसरत जाते, मग पुढची मोत्यांची ओळ भुवयांवर उतरते. अंबाडा डोक्याच्या मध्यावर घेतला तर गाठ त्याच्या खाली जाते आणि अंबाडाच तिला अडवून धरतो. दोन्ही कानांमागे दोऱ्यावर एकेक पिन लावली की झालं. सरावाच्या वेळी वहिनीच्या जुन्या मुंडावळ्या बांधून बघितल्या म्हणून हे कळलं. नुसता अंबाडा घालून सराव केला असता तर ऐन बोहल्यावर कळलं असतं.

गजऱ्यालाही वजन असतं, त्यात तो ओल्या कापडातून आलेला असला तर अधिकच. आधी कोरड्या पंचावर ठेवून पाणी टिपून घ्या. आकडा फुलात खुपसायचा नाही, दोऱ्यात घालायचा, नाहीतर फुलं गळतात आणि दोरा उघडा पडतो. मोगऱ्याच्या टपोऱ्या बंद कळ्यांचा गजरा घ्या, दिवसभरात त्या उमलतात. सकाळीच पूर्ण उमललेला गजरा दुपारच्या मुहूर्तापर्यंत कोमेजतो. आदल्या रात्री आणला असेल तर केळीच्या पानात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. मी मोगऱ्याच्या दोन पदरांच्या मधे अबोलीचा एक पदर घेतला होता. अबोली हलकी असते, तिला वास नसतो पण ती पटकन मान टाकत नाही, आणि पिवळ्या अष्टपुत्रीवर आणि नंतर शालूवर, दोन्हींवर ती शोभली.

स्प्रेबद्दल एक काळजीची गोष्ट सांगायलाच हवी. डब्यावर ज्वलनशील अशी सूचना असते ती गंभीरपणे घ्या. त्यात अल्कोहोल असतं आणि बहुतेक डब्यांमधला वायूही पेट घेणारा असतो. आपल्या लग्नात औक्षणाचं निरांजन चेहऱ्याजवळ येतं, समई असते, होम असतो. शेवटचा फवारा खोलीत, खिडकी उघडी ठेवून, बोहल्यावर जाण्याच्या बऱ्याच आधी मारा आणि पूर्ण वाळू द्या. मांडवात टचअपसाठी स्प्रे नेऊच नका, चार जास्तीचे आकडे बहिणीच्या पर्समध्ये ठेवा. पाया नीट बांधलेला असेल तर स्प्रे फारसा लागतही नाही. तो फक्त भुरभुरणाऱ्या बारीक केसांसाठी.

हात वर धरून धरून खांदे भरून येतात, तेव्हा काम तुकड्यातुकड्यांनी करा. मागचं बघायला दोन आरसे हवेत. मी मात्र फोन मागे टेकवून ठेवायचे आणि मधेमधे व्हिडिओ बघून दुरुस्त करायचे, ते जास्त सोपं गेलं. अंगात पुढून बटणं असलेला शर्ट घाला. आणि सगळं एकटीनं करता आलं तरी गजरा लावायला कुणीतरी जवळ असू द्या. माझ्या वहिनीनं तो लावला.

मग मंगळागौर. फुगड्या, झिम्मा, पिंगा, लाट्या, पहाटेपर्यंत जागरण. लग्नापेक्षा कठीण परीक्षा ती. पेडाच्या गुंडाळीवर टाचलेला अंबाडा फुगडीतही हलला नाही. गळून पडले ते कडेचे दोनतीन आकडे, तेही घाईत सरळ खुपसलेले. गजरा अर्धा सुटला, कारण दोरा फार सैल ओवलेला होता.

रात्री केस सोडवताना ओढाताण करू नका. आधी गजरा, मग आकडे, मग बॉबी पिना, वरून खाली. स्प्रेनं कडक झालेल्या केसांना खोबरेल तेल चोळून थोडा वेळ ठेवा आणि मग बोटांनी मोकळे करा, कंगवा शेवटी. असा घट्ट अंबाडा रोज घालण्याचा नाही. केसांच्या मुळांवर सतत ताण राहिला की कपाळाच्या कडेचे केस विरळ होत जातात.

घरी करू नये असं मी कुणाला सांगेन? मुहूर्त भल्या सकाळी असेल, घरात मदतीला कुणी नसेल, किंवा केस खांद्याच्या वर आणि पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले असतील, तर पार्लरवालीला बोलवा. बाकी कुणालाही मनापासून करून बघा म्हणेन, फक्त दोनतीन महिने आधी सुरुवात करा आणि गजरा, मुंडावळ्या, पदर, सगळं अंगावर घेऊन सराव करा.

आता मार्गशीर्षात नणंदेचं लग्न आहे आणि तिचा अंबाडा मी घालणार आहे. त्या दिवसांत मोगरा मिळाला तर महाग, म्हणून शेवंतीची वेणी ठरवली आहे. तिचे केस माझ्याहून दाट पण आखूड आहेत आणि रंग तपकिरीकडे झुकणारा, त्यामुळे माझं काळं गंगावन तिला जुळणार नाही. पुढच्या रविवारी तिला बरोबर घेऊन, उजेडात रंग लावून बघूनच नवं घेणार आहे.