दक्षिण जॉर्जियाची जहाजसफर: खिशातली बडीशेप घरी ठेवा

दक्षिण जॉर्जिया हे दक्षिण अटलांटिक महासागरातलं बेट. तिथे उतरायच्या आदल्या दिवशी, बाहेरचं बी-बियाणं बेटावर जाऊ नये म्हणून, जहाजावर सगळ्यांचे बूट, पिशव्या, वेल्क्रोच्या पट्ट्या चिमटा आणि ब्रश घेऊन तपासतात. माझ्या जॅकेटच्या खिशात बडीशेपेचा एक दाणा निघाला. बँकेत होते तेव्हापासूनची सवय! तपासणाऱ्या पोरीने तो असा उचलून धरला, जणू कॅशमध्ये खोटी नोट सापडली. मग सगळे खिसे उलटे करून पुन्हा रांगेत.

कंपनीचं नाव घेत नाही. अर्जेंटिनातल्या उश्वायाहून फॉकलंड बेटांमार्गे पंधरा दिवस. बेटावर विमानतळ नाही, म्हणून फॉकलंडनंतरचे दोन दिवस समुद्र सोसावाच लागतो. आमचे हे त्यातला दीड दिवस बादली धरून होते. शाकाहारी असल्याचं आधी कळवूनही रोज पास्ता नि उकडलेल्या भाज्या. मेतकुटाने तारलं. माहितीपत्रकात 'रोज दोनदा किनाऱ्यावर' असं ठळक छापलेलं, प्रत्यक्षात वाऱ्यामुळे दोन फेऱ्या रद्द झाल्या. वाऱ्यावर राग नाही, पण 'हवामान असेल तर' एवढंच बारीक अक्षरात का?

किनाऱ्यावर एका वेळी शंभरच प्रवासी उतरू देतात. आम्ही जास्त होतो, त्यामुळे अर्धे लोक जहाजावर ताटकळत. बुकिंग करताना आधी प्रवासीसंख्या विचारा. रबरी बोटीत चढताना मात्र मनगटाला मनगट धरून उतरवतात, माझ्या गुडघ्यांनी कुरकुर केली नाही.

सेंट अँड्र्यूज बे इथे राजा पेंग्विनच्या सुमारे दीड लाख जोड्या आहेत. वास थेट बोंबील वाळत घातल्याचा. तपकिरी लोकरीतली मोठाली पिल्लं आयांपेक्षा जाड दिसतात. बर्ड फ्लूमुळे खाली बसायला, पिशवी टेकायलाही बंदी. तासभर उभं राहून कंबर गेली.

ग्रीटविकेनला 1904 साली सुरू झालेलं व्हेल-कारखान्याचं गंजकं गाव आहे. तिथल्या स्मशानात अंटार्क्टिकाचा शोधप्रवासी शॅकल्टन आहे, 1922 साली याच बंदरात जहाजावर वारला. सगळे त्याच्या कबरीवर व्हिस्की ओततात. ह्यांनी पेला हातात घेतला, वास घेतला आणि माझ्याकडे दिला.

त्याच दिवशी गवतात पिपिट गात होता. जहाजांतून आलेले उंदीर या चिमुकल्या पक्ष्याची अंडी-पिल्लं फस्त करायचे. हेलिकॉप्टरमधून विष टाकून ते संपवले आणि 2018 साली बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. ते ऐकल्यावर चिमटेवाल्या पोरीवरचा माझा राग गेला. जेवणाला पाचपैकी दोन तारे, तपासणीला पाच.