जुन्या पीसीवर गेमिंग: विंडोज ११ की लिनक्स मिंट?

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागतो, इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. ‘टीपीएम नाही’ असं दिसलं तर आधी बायोस (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्ज) बघा: टीपीएमचं नाव तिथे इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम असतं. बरेचदा ते नुसतं बंद असतं.

व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट खेळता? मग विषयच संपला, विंडोजच घ्या. या गेमचं अँटी-चीट (फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालत नाही.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले बरेचसे सिंगल-प्लेअर गेम मात्र लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर प्रोटॉनने (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं टूल) मजेत चालतात, अगदी सहाव्या पिढीच्या आय-५वरही. फक्त जुन्या एनटीएफएस (विंडोजच्या फॉरमॅटमधल्या) ड्राइव्हवरून चालवू नका. प्रोटॉन ‘सी:’ नावाची लिंक बनवतो, त्या कोलनवरून एनटीएफएसवर गोंधळ होतो आणि प्ले दाबलं तरी गेम उघडत नाही. गेमसाठी वेगळं एक्स्ट-४ (लिनक्सच्या फॉरमॅटचं) पार्टिशन करा.