साठ हजार रुपये, एक गाणं: व्हिडिओ काढावा की नाही?

फोंड्याची चार पोरं गेल्या महिन्यात घरी आली होती. लग्नांत, पार्ट्यांत वाजवून त्यांनी ६० हजार बाजूला टाकलेत, स्वतःचं मराठी गाणं तयार आहे. विचारत होती, "दादा, व्हिडिओ काढू का?"

१९८१ मध्ये अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाल्यावर हिशेब सरळ होता: व्हिडिओ नाही, तर गाणं टीव्हीवर नाही. २००५ मध्ये यूट्यूब आलं आणि चॅनेलवाल्याची मर्जी संपली. पण दार सगळ्यांनाच उघडं झालं, त्यामुळे आत गर्दी ही एवढी. व्हिडिओ टाकला की लोक बघतील, हे डोक्यातून काढा.

कथा, लोकेशन, ड्रोन असा थाटाचा व्हिडिओ आम्हीही एकदा काढला. मोरजीचा किनारा, मे महिना, पहाटे साडेपाच. प्लेबॅकसाठी, म्हणजे गाणं वाजवून गायकाने त्यावर ओठ हलवायचे म्हणून, नेलेला ब्लूटूथ स्पीकर लाटांच्या आवाजात कुणाला ऐकूच येईना. गायक अर्धी मात्रा मागे राहून ओठ हलवत होता, हे एडिटिंगला बसल्यावर कळलं. जवळचा एकही शॉट जुळेना, म्हणून त्याचे सगळे पाठमोरे शॉट लावले. लोक अजून विचारतात, तुमचा गायक लाजरा आहे काय?

शिवाय इथे चित्रीकरणाच्या परवानगीसाठी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा या सरकारी संस्थेकडे अर्ज करणं आलं. दाबोळीला नौदलाचा तळ, मोपाला दुसरा विमानतळ, म्हणून ड्रोन उडवण्याआधी हवाई नकाशा बघणं आलं. जून ते सप्टेंबर पाऊस. पैशाआधी दिवसच संपतात.

याउलट लाइव्ह सेशन. एक खोली, एक टेक. प्रत्येक वाद्याचा ट्रॅक मिक्सरमधून वेगळा घ्यायचा, चित्र दोन फोनवर, सुरुवातीला एक खणखणीत टाळी. त्या टाळीवर आवाज आणि चित्र जुळवायचं. भिंती घुमत असतील तर गोधड्या टांगा, हसू नका, फरक पडतो. पैसा जातो तो साउंडवाल्याला, आणि तिथेच जायला हवा. मुख्य म्हणजे काम देणारा, मग तो नवरीचा बाप असो की उत्सव समितीचा खजिनदार, व्हॉट्सॲपवर अर्धा मिनिट बघतो. पावसात चालणारी मुलगी दिसली तर तुम्हाला वाजवता येतं की नाही हे त्याला कसं कळणार?

रील्सचा वेगळा खर्च धरू नका. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने रील्स इथे आणले, तेव्हापासून उभी चौकट सुटलेली नाही. सेशनमध्ये गायकाला मधोमध उभा करा, त्यातूनच तुकडे कापता येतात.

कमाईचं म्हणाल तर जाहिरातींच्या वाट्यासाठी यूट्यूब १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात लोकांनी बघितलेले ४,००० तास मागतं. चार मिनिटांचं गाणं ६० हजार वेळा पूर्ण बघितलं गेलं, तर तेवढे तास भरतात. शॉर्ट्सच्या, म्हणजे यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंच्या, फीडमधले तास त्यात धरत नाहीत. ६० हजार रुपयांना ६० हजार वेळा, मजेशीर योगायोग.

मग थाटाचा व्हिडिओ कधीच नको? कल्पना असेल तर हवा. ओके गो या अमेरिकी बँडने २००६ मध्ये आठ ट्रेडमिलवर, एकाच टेकमध्ये नाच केला आणि जगभर पोचले. तिथे ना ड्रोन, ना समुद्र. तुमच्याकडे तसं काही सुचलेलं असेल तर माझं ऐकू नका. "छान लोकेशन आहे" ही मात्र कल्पना नव्हे.

पोरांना मी सांगितलं: ३५ हजार रेकॉर्डिंग-मिक्सिंगला, १५ सेशनला, १० हातात ठेवा. तिघांना पटलं. ड्रमरला मात्र अजून दूधसागरच हवाय. म्हटलं, जा, पण ड्रम तूच उचल.