कढीपत्त्याची पूड: पाकिटावरचे दावे आणि चमच्यातला माल

भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या जुडीसोबत ज्याच्या दोन काड्या फुकट मिळतात, त्या कढीपत्त्याच्या शंभर ग्रॅम पुडीला १२० रुपये मोजताना हात थोडा आखडला, हे आधीच कबूल करतो. तरीही पाकीट घेतले, कारण आमच्या घरी फोडणीतली पाने जेवण संपताना ताटाच्या कडेला रांगेने लागलेली असतात आणि त्यांचे गुण खरकट्याबरोबर जातात. पूड केली तर ती निदान पोटात जाईल, एवढाच माझा हिशेब होता.

पाकिटावर मात्र मधुमेह 'मुळापासून' घालवणे, पांढरे केस काळे करणे आणि रक्तशुद्धी अशी तीन आश्वासने ठळक अक्षरांत छापलेली आहेत. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही, हा नियम उत्पादकाला ठाऊक नसावा असे वाटत नाही, कारण चौदा अंकी परवाना क्रमांक त्याच बाजूला व्यवस्थित छापलेला आहे. कढीपत्त्यातल्या महानिम्बाइनसारख्या कार्बाझोल अल्कलॉइडांचा, म्हणजे पानांतल्या नैसर्गिक रसायनांचा, रक्तातील साखरेवर होणारा परिणाम प्रामुख्याने उंदरांवरच्या प्रयोगांत दिसला आहे. त्यावरून माणसाने गोळी बंद करावी असे काहीही सिद्ध होत नाही. उलट, साखरेचे औषध चालू असलेल्यांनी रोज चमचे भरून पूड घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेले बरे. केसांचे म्हणाल, तर महिनाभरात माझ्या कानशिलांवर काहीच फरक पडलेला नाही.

खरा गुण आहे तो कॅल्शियमचा. शंभर ग्रॅम ताज्या पानांत सुमारे ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि हाच आकडा पाहून लोक भारावतात. पण फोडणीत पडणारी आठ-दहा पाने जेमतेम एक ग्रॅम भरतात, म्हणजे हाती सहा-सात मिलिग्रॅम, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज १००० मिलिग्रॅमची. वाळल्यावर पाणी उडून जात असल्याने दोन ग्रॅम पुडीतून हेच प्रमाण ३५ ते ४० मिलिग्रॅमपर्यंत जाते, मात्र पानांतल्या, कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या ऑक्झलेटमुळे तेही सगळे अंगी लागत नाही. पानांतल्या बीटा कॅरोटीनला (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते) शरीरात शिरायला स्निग्धाची सोबत लागते, त्यामुळे पूड नुसत्या पाण्यातून गिळण्यापेक्षा तूप घातलेल्या गरम भातावर भुरभुरणे शहाणपणाचे.

आता मालाविषयी. पाकीट उघडल्यावर रंग शेवाळी हिरवा निघाला, म्हणजे पाने उन्हात करपवलेली नव्हती. पण बोटांत चोळल्यावर ताज्या पानाचा तो लिंबासारखा तिखट दरवळ आला नाही, वाळल्या गवताचा वास आला. ताकात ढवळली तेव्हा पूड तळाशी बसली आणि शेवटच्या घोटाला देठांचे बारीक तुकडे दाताखाली आले. देठ निवडण्याचा कंटाळा केला की असेच होते. इडलीसोबत तेल घालून खाल्ली तेव्हा मात्र चव बरी लागली.

पुढच्या वेळी पाकीट आणणार नाही. पाने धुऊन, फडक्यावर पुसून, सावलीत तीन-चार दिवस वाळवून, लोखंडी तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत करून तीळ आणि सुक्या खोबऱ्यासह घरीच कुटली, तर तिची चटणी होते आणि ती ताटात उरत नाही.