मिरजेत पेशंटच्या नातेवाइकांसाठी झोपायची खोली : माझे सतरा दिवस

सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि जतहून आम्ही त्यांना थेट मिरजेला आणलं. वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथं दवाखाना काढला, तेव्हापासून आमच्या भागात मोठं दुखणं म्हटलं की मिरज. अथणी, विजापूरकडची माणसंही इथंच येतात. पेशंटला खाट मिळते; सोबतच्या माणसानं कुठं पाठ टेकायची, हे कुणी सांगत नाही. पहिल्या तीन रात्री मी जिन्याखाली चटईवर काढल्या. जरा डोळा लागला की आतून हाक आल्यासारखं वाटायचं आणि मी दचकून उठायची.

चौथ्या दिवशी औषधाच्या दुकानदारानं मागच्या गल्लीतल्या मावशींकडं पाठवलं. बाहेर नावाची पाटी नाही, विचारतच जावं लागतं. माडीवर बायकांच्या सहा खाटा, खाली पुरुषांच्या चार. बारा तासांचे १२० रुपये, त्यातच अंघोळीला गरम पाणी. भाकरी, भाजी, आमटीचा डबा ६० रुपयांत.

दाराशी एक शाळेची पाटी टांगलीय. आपण गेलो की मावशी खडूनं लिहून घेतात. माझी ओळ होती, 'खाट ३, माडी, पहाटे ४'. चारला पाच कमी असताना त्या पायाच्या अंगठ्याला हळूच हात लावून उठवायच्या, दुसऱ्या हातात चहा. वेळेची काळजी दुसरं कुणीतरी घेतंय म्हटल्यावर मी पहिल्याच रात्री सलग पाच तास झोपले. जेवल्याशिवाय त्या कुणाला दवाखान्यात जाऊ देत नाहीत. अथणीच्या बाईंना कानडीत विचारायच्या, "ऊटा आयता?"

मावशींनी स्वतः नवऱ्याचं सहा वर्षं अंथरुणात केलंय. सासूबाईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. काखेत हात घालून ओढताना माझी कंबर धरली. मावशींनी रिकाम्या खाटेवरच शिकवलं: दुहेरी चादर पेशंटच्या अंगाखाली खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी घालायची, दोन्ही बाजूंनी दोघींनी काठ गुंडाळून धरायचे आणि माणसाला न ओढता चादर सरकवायची. नणंद आणि मी तसंच करत राहिलो.

पाटीच्या तळाशी १४४१६ लिहिलंय, सरकारचा टेलिमानसचा फुकट नंबर, मनावर ताण आला की बोलायला. अकराव्या रात्री माझं रडू थांबेना, तेव्हा मी लावला. फोनवरच्या बाई मराठीत बोलल्या, घाई केली नाही. असा नंबर असतो हे मला आधी माहीतच नव्हतं.

उणीव सांगायची तर बायकांना न्हाणीघर एकच. सकाळी सहानंतर अर्धा तास थांबावं लागतं, आणि दवाखान्यात आपली वाट बघणारं माणूस असताना तो अर्धा तास फार होतो. मावशींनी दुसरं न्हाणीघर बांधावं, वीस रुपये जास्त घेतले तरी आम्ही देऊ. माडीचा जिना उभा आहे, गुडघे दुखत असतील तर ते लक्षात घ्या. अंथरायची चादर आपली न्यावी लागते.