बंद खोल्यांचं भाडं

नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीच्या आसपास 'भाडेकरूसकट खोली विकणे आहे' असं सांगत कोणी तुमच्या गावात फिरत असेल, तर इसार देण्याआधी हे वाचा.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. समृद्धी महामार्ग आमच्या शिवारातून गेला तेव्हा सरकारने थेट खरेदीने वावरं घेतली, रेडी रेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराच्या, पाचपटीपर्यंत मोबदला दिला. पऱ्हाटी-सोयाबीनच्या हिशोबात हयात गेलेल्या माणसांच्या खात्यात एकदम लाखांचे आकडे दिसू लागले. कोणी दुसरीकडे वावर घेतलं, कोणी ट्रॅक्टर, कोणी बोलेरो. पाठोपाठ एजंट आले. कोणाची रजिस्ट्री कधी झाली, हे त्यांना आमच्या सोयऱ्यांआधी कळायचं.

यातला एक वेगळा होता. तो प्लॉट विकत नव्हता. "प्लॉटावर गवत उगवते, काकाजी. खोली महिन्याले पैसे देते," असं म्हणायचा. एमआयडीसीत कामाला येणारी बिहार, यूपी, छत्तीसगडची पोरं राहायला खोल्या शोधतात, हे खरंच आहे. खोलीची किंमत साडेतीन लाख, भाडं तीन हजार. म्हणजे वर्षाला ३६ हजार, दहा टक्क्यांच्या वर. बँक तेव्हा ठेवीवर सात टक्क्यांच्या आतबाहेर देत होती. "वसुलीची झंझट तुमाले कायले? पाच तारखेले पैसे खात्यात." पहिल्या खोलीचं भाडं साठवायचं, त्यात थोडी भर घालून दुसरी घ्यायची, मग दोन्हीचं मिळून तिसरी. चारपाच खोल्या झाल्या की म्हातारपणाची पेन्शन. हा हिशोब त्याने आम्हाला वहीत मांडून दाखवला आणि गणितात तो कुठेच चुकत नव्हता.

खोल्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. टिनाचं छप्पर, ओळीने दारं, दोरीवर वाळणारे कपडे, आत स्टोव्हवर भात. खोल्या खऱ्या होत्या, भाडेकरू खरे होते, भाडंही खरंच यायचं. खोटी होती ती फक्त आमची मालकी.

हातात मिळाला तो शंभराच्या स्टॅम्पवरचा नोटरी केलेला विक्रीचा करारनामा. मौजा, खसरा नंबर, पटवारी हलका नंबर, चतुःसीमा, दोन साक्षीदार, फोटो, अंगठे, सगळं होतं. रजिस्ट्रीचं विचारलं की उत्तर तयार: "एनए झालं की एकदमच विक्री लावून देतो, दोनदा खर्च कायले करता?" एनए म्हणजे शेतजमीन बिगरशेती करून घेणं. सोबत ग्रामपंचायतीची कर पावती. आता ही गोष्ट नीट समजून घ्या. शंभर रुपयांपुढच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदवावीच लागते. नोटरी फक्त सही कोणाची एवढं बघतो, जागा कोणाची हे नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ करवसुलीसाठी असतो, मालकीसाठी नाही. पण या व्यवहारातला खरा घातक भाग वेगळाच होता. नोंदलेली विक्री नोंदणी विभागाच्या सूची दोनमध्ये चढते, कोणीही शोधू शकतो. नोटरीचा कागद कुठेच चढत नाही. त्यामुळे एकच खोली कितीही जणांना विकता येते आणि विकत घेणाऱ्यांना एकमेकांचा पत्ता लागत नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. कंपन्या बंद झाल्या, मजूर पायी निघाले. हायवेला लागलेल्या गावांनी त्यांना पोळी-भाजी दिली, पाणी दिलं. आणि ५ एप्रिलला माझ्या खात्यात भाडं जमा झालं. मी तोवर घेतलेल्या चारही खोल्यांचं, पुरतं. मे महिन्यातही. गावात त्याची वाहवा झाली. एवढ्या संकटातही माणूस शब्दाला पक्का!

आमच्या गावात एक रिटायर पटवारी आहेत, जरा तिरसट म्हणूनच प्रसिद्ध. त्यांनी पारावर एवढंच विचारलं, "खोल्यांत कोणी नाही, तर भाडं कोण देऊन राहिलं?"

त्यांनीच मग सात-बारा काढला. खातेदार भलताच शेतकरी. इतर हक्कात बँकेचा बोजा. जमीन शेतीचीच, मंजूर लेआऊटचा पत्ता नाही. रस्ते मोकळे झाल्यावर त्या शेतकऱ्याला गाठलं, तर तो बिचारा आमच्याहून जास्त घाबरला. "वावर ठेक्यानं देल्लं होतं जी. टिनं त्यानंच ठोकली." माझी सात नंबरची खोली हिंगणघाटच्या एका रिटायर ड्रायव्हरचीही होती आणि हिंगण्याकडच्या एका अंगणवाडीताईंचीही. आमची तिघांची ओळख पोलीस ठाण्याच्या बाकावर झाली. तोपर्यंत भाडं थांबलं होतं, फोनही बंद. आम्हाला दर महिन्याला येत होते ते नव्या गिऱ्हाइकांचे पैसे, आणि लॉकडाऊनमध्ये नवीन गिऱ्हाईक मिळेना.

ठाण्यात आधी 'दिवाणी मामला आहे' असंच ऐकायला मिळालं. एकेकटे गेलो तेव्हा. सगळे करारनामे आणि पासबुकं एकत्र करून आर्थिक गुन्हे शाखेत गेलो, तेव्हा त्या वेळच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० (फसवणूक) खाली गुन्हा लागला. (१ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं.) ठरावीक परतावा देतो म्हणून अनेकांकडून पैसे घेतले असतील, तर महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदाही लावायची मागणी करा, त्यात आरोपीची मालमत्ता जप्त करता येते. प्रकरण कोर्टात आहे. एजंटचा वकील आमचीच पासबुकं दाखवून म्हणतो की भाडं वेळेवर दिलं, म्हणजे अशिलाचा हेतू स्वच्छ होता.

भाड्यासाठी खोली घेणाऱ्याने एजंटला न सांगता रात्रीच्या वेळी तिथे जावं, पोरं तेव्हाच घरी असतात. भाडं कोणाला देता, किती देता, किती दिवसांपासून राहता, सरळ विचारावं. आमच्या खोल्यांत ते अठराशे भरत होते, हे नंतर कळलं. विजेचं बिल बघावं. आमच्या पूर्ण ओळीला एकच मीटर होतं, त्याच शेतकऱ्याच्या नावाचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. खोली खरंच तुमची असेल तर तो करार तुमच्या नावाने होईल. एजंट त्याला टाळाटाळ करत असेल, तर तिथेच उठा. प्रकल्प ५०० चौरस मीटर आणि आठ घरांच्या पुढे असेल, तर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर मागा, आणि नोंदलेल्या कराराआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागणाऱ्याला रेरा कायदाच मनाई करतो.

ज्यांच्या कपाटात असा नोटरीचा कागद आधीच पडलेला आहे, त्यांनी तो घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जावं. पैसे परत मागण्याच्या दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, फसवणूक कळल्यापासून. आमच्यातल्या दोघांची ती मुदत एजंटच्या भावाच्या 'दिवाळीनंतर देतो' यावर निघून गेली.